उचंत खाते : दहावीच्या गणित सरावाच्या नोंदी

10 नोव्हेंबर

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आज सरावाचा वर्ग सुरू झाला. जांबोटी रस्त्यावरचे आमचे गाव आणि शेजारच्या दोन वाड्या मिळून अकरा मुले-मुली येणार आहेत. ही सगळी मराठी माध्यमाची असून यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला, बसणारी आहेत. मी शिक्षक नाही. पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून एकवीस वर्षे काढल्यामुळे गणित शिकवण्याचा अधिकार सांगता येत नसला, तरी ताळा न जुळणारी रक्कम कोठे अडकली आहे हे शोधण्याची सवय हाताला लागली आहे, आणि या वर्गात तेवढ्याच भांडवलावर काम करायचे ठरवले आहे. प्रकरणे शिकवण्याचे काम शाळेत चालले आहेच. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत मुलांनी येथे बसून गणिते सोडवायची, आणि गेलेल्या प्रत्येक गुणाची नोंद करायची.

नोंदीची पद्धत संस्थेतलीच घेतली आहे. गुण गेला की त्या दिवशीच्या रोजकीर्दीत एक ओळ लिहायची : कोणते गणित, कोणती पायरी, किती गुण. आठवड्याच्या शेवटी त्या ओळी खतावणीत आपापल्या खात्यावर चढवायच्या. मुलांना नावाऐवजी खाते क्रमांक दिले आहेत, म्हणजे वही कोणाच्या हाती पडली तरी कोणाची शोभा होणार नाही. खाती प्रकरणवार उघडली : अंकगणिती श्रेढी, समरूप त्रिकोण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्तुळे, वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती, सांख्यिकी, संभाव्यता, घनफळ वगैरे. त्याखेरीज एक खाते ‘निष्काळजीपणा’ या नावाने उघडले, कारण येत असून चुकलेले गणित कोठे लिहायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला.

13 नोव्हेंबर

मागील एका वर्षाची प्रश्नपत्रिका दोन संध्याकाळी मिळून सोडवून घेतली. गेल्या काही वर्षांचा साचा मुलांना पाठ आहे : बहुपर्यायी 8 प्रश्न, एका गुणाचे आणखी 8, दोन गुणांचे 8, तीन गुणांचे 9, चार गुणांचे 4 आणि पाच गुणांचा 1, असे 38 प्रश्न आणि 80 गुण. उरलेले 20 गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. वेळ तीन तास पंधरा मिनिटे, त्यांपैकी पंधरा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी. लिहिण्याच्या 180 मिनिटांना 80 ने भागले तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात, हा भागाकार मात्र आजवर कोणी केलेला नव्हता.

अकरा उत्तरपत्रिकांच्या 880 गुणांपैकी 412 गेले. न सोडवलेल्या प्रश्नांचे आणि अर्धवट सिद्धतांचे गुण बरेच होते. पण खतावणी मांडली तेव्हा सर्वांत मोठी रक्कम कोणत्याही प्रकरणाच्या नावावर निघाली नाही. 163 गुण एकट्या ‘निष्काळजीपणा’ या खात्यावर जमा झाले होते. ते पाहून मला प्रथम बरेच वाटले, कारण गणित येत नसण्यापेक्षा लक्ष नसणे हा सुधारण्यास सोपा दोष आहे, असे त्या क्षणी वाटले. मुलांनाही तसेच वाटले. खाते क्रमांक 7 ने तर “काका, म्हणजे येतंय की मला, नुसतं लक्ष द्यायचं,” असे म्हणून वही मिटलीच.

24 नोव्हेंबर

दहा दिवस ‘लक्ष द्या, लक्ष द्या’ असे सांगून झाले. निष्काळजीपणाचे खाते एका गुणानेही हलले नाही.

आज संस्थेत काम करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली आणि आपल्याला ती इतक्या उशिरा सुचावी याची लाज वाटली. जी रक्कम कोणत्या खात्याची हे त्या दिवशी कळत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. उचंत खाते म्हणजे तात्पुरती जागा. तेथील प्रत्येक रकमेचा मालक शोधून ती त्याच्या खात्यावर वळवावी लागते, आणि तपासनीस आला की त्याचा पहिला प्रश्न उचंत खात्यात इतकी शिल्लक का, हाच असतो. माझे ‘निष्काळजीपणा’ हे खाते नेमके तसेच होते. ज्या चुकीचे कारण मला सापडले नाही ती मी तेथे ढकलत होतो आणि वर त्याला कारण समजत होतो. आज त्यावरचे नाव खोडून ‘उचंत’ असे लिहिले, आणि यापुढे प्रत्येक नोंद मुलाला शेजारी बसवून, त्याने काय मनात धरून ती पायरी लिहिली हे विचारून, मगच वळवायची असे ठरवले.

पहिली नोंद खाते क्रमांक 4 ची घेतली. गणित होते 2x² − 5x − 3 = 0. तिने सूत्र अचूक लिहिले होते आणि विवेचक (b² − 4ac) मात्र 25 − 24 = 1 असा काढला होता. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो हे तिला विचारताक्षणी सांगता येते; मग येथे 25 + 24 = 49 का झाले नाही? ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “वजा तर सूत्रात हायच की काका. तोच घेतला.” म्हणजे सूत्रातील वजा आणि c च्या किमतीतील वजा असे दोन वजा आहेत हे तिच्या लेखी नव्हतेच, कागदावर एक वजा दिसला आणि तिने दोन्हींच्या नावाने एकच नोंद केली. यात निष्काळजीपणा कोठे आहे? तिने अतिशय काळजीपूर्वक एक चुकीची गोष्ट केली आहे. याच कारणाने −b लिहिताना b = −5 असूनही तिने −5 च ठेवले होते.

उपाय यंत्रासारखा ठेवला. सूत्राच्या आधी a = 2, b = −5, c = −3 ही ओळ स्वतंत्र लिहायची आणि किंमत घालताना प्रत्येक संख्येला कंस द्यायचा : (−5)² − 4(2)(−3). कंसात बसलेला वजा संख्येच्या मालकीचा आणि बाहेरचा सूत्राच्या मालकीचा, ही वाटणी तिला लगेच पटली. मुळे 3 आणि −½ आली, ती मूळ समीकरणात घालून तिने स्वतःच तपासली. अकरा वह्यांत मिळून याच एका कारणाचे 19 गुण निघाले. नवीन खाते उघडले : ‘दोन वजांची एक नोंद’.

2 डिसेंबर

आजची नोंद लांब होणार आहे.

अंकगणिती श्रेढीचे गणित मी संस्थेतील बचतीवर बेतून दिले होते. एक बाई पहिल्या महिन्यात 200 रुपये भरते आणि पुढे दर महिन्याला 50 रुपये वाढवत जाते. प्रश्न दोन : बाराव्या महिन्यात ती किती रुपये भरेल? बारा महिन्यांत ती किती रुपये भरेल? अकरांपैकी सहा जणांनी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहिले, आणि त्यांतील दोघांनी तर दुसरा प्रश्न छपाईच्या चुकीने पुन्हा आला असे समजून सोडून दिला.

पहिल्याचे उत्तर 200 + 11 × 50 म्हणजे 750 रुपये, आणि दुसऱ्याचे 6 × (200 + 750) म्हणजे 5700 रुपये. दोन्हींत साडेसातपटीहून जास्त फरक पडतो आणि तो फरक ‘व्या’ या एका अक्षरावर आणि ‘महिन्यांत’ यातील एका टिंबावर उभा आहे. आमच्याकडे बोलताना ते टिंब ऐकू येत नाही, लिहिताना निम्मी मुले देत नाहीत, आणि वाचताना कोणी पाहत नाही. मराठीच्या तासाला अनुस्वार चुकला तर फार तर अर्धा गुण जात असेल. गणितात तो तीन गुण घेऊन जातो. मी मुलांना सांगितले की अनेकवचनाचा अनुस्वार हे बेरजेचे चिन्ह आहे असे समजा. व्याकरण जाणणाऱ्यांनी या विधानाबद्दल क्षमा करावी, परंतु येथे त्याचा उपयोग झाला.

त्यानंतर तासभर आम्ही एकही गणित सोडवले नाही. केवळ वाक्ये वाचली. ‘बाराव्या महिन्याअखेर जमलेली रक्कम’ यात अनुस्वार नसूनही बेरीज आहे, कारण ‘अखेर’ हा शब्द मागचे सगळे गोळा करून आणतो. ‘तिप्पट’ आणि ‘तीनने जास्त’ यांतील फरक सर्वांना ठाऊक होता, पण ‘मुलाच्या वयाच्या दुपटीपेक्षा 4 ने कमी’ हे वाक्य आल्यावर चौघांनी 4 − 2x लिहिले, कारण वाक्यात 4 आणि ‘कमी’ हे शेजारी बसलेले असतात. मराठी वाक्यात ज्यातून वजा करायचे ते आधी येते आणि काय वजा करायचे ते नंतर. तोच क्रम समीकरणात ठेवला तर 2x − 4 आपोआप लिहिले जाते. अर्थात हा क्रम प्रत्येक वाक्यात टिकत नाही. ‘एका संख्येतून 4 वजा केले’ आणि ‘4 हे एका संख्येतून वजा केले’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवली आहेत आणि ती परीक्षेपर्यंत पुसू नयेत असे सांगितले आहे.

उचंत खात्यातून 27 गुण आज ‘वाक्यवाचन’ या नव्या खात्यावर गेले. गणिताच्या वहीत हे नाव पाहून खाते क्रमांक 9 च्या वडिलांनी मराठीची शिकवणी घेता काय, असे विचारले.

9 डिसेंबर

खाते क्रमांक 2 ने दोन चलांतील समीकरणे निश्चयकाने (सहगुणकांची चौकट मांडून) सोडवून आणली. उत्तरे बरोबर होती. पद्धत आमच्या पाठ्यपुस्तकातील नव्हती. चौकशी करता तिच्या मामाच्या मुलीने चंदगडहून महाराष्ट्र मंडळाचे मार्गदर्शक पाठवल्याचे कळले. सीमेवर हे नेहमीचेच आहे. मराठीतील सरावपुस्तके कोल्हापूरच्या बाजूने मिळतात, आणि भाषा एक म्हणून परीक्षाही एक असावी असे मुलांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्रात दहावीचे गणित बीजगणित आणि भूमिती अशा दोन भागांत, 40-40 गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांत होते. आमची एकच 80 गुणांची. तेथे अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी आणि शेअर्स आहेत, वर्तुळात अंतर्लिखित कोन आणि चक्रीय चौकोन आहेत. आमच्या दहावीत वर्तुळ म्हणजे मुख्यतः स्पर्शिका.

ते पुस्तक टाकून दे असे मी सांगितले नाही. श्रेढी, वर्गसमीकरणे, समरूपता आणि त्रिकोणमिती यांची भरपूर उदाहरणे त्यात आहेत आणि मराठी स्वच्छ आहे. तिने अनुक्रमणिका समोर ठेवून आपल्या अभ्यासक्रमात नसलेल्या भागांवर पेन्सिलीने रेघ मारून आणली, आणि उरलेले पुस्तक आता सगळ्यांत फिरते आहे.

21 डिसेंबर

ऊसतोडीमुळे तिघे आठवडाभर आले नाहीत. घरच्या उसाची भरणी असेल तर मूल वर्गाला येणार नाही हे धरूनच चालावे लागते. आलेल्यांकडून समरूप त्रिकोणांच्या सिद्धता करून घेतल्या. थेल्सचे प्रमेय सगळ्यांना पाठ आहे, परंतु त्रिकोणाची अक्षरे ABC च्या जागी PQR केली की तिघांची गाडी रुळावरून उतरते. समांतर रेषांमधील, एकाच पायावरील त्रिकोणांची क्षेत्रफळे समान असतात हे कारण त्या सिद्धतेचा कणा आहे, आणि नेमकी तीच ओळ गाळली जाते, कारण ती ओळ चिन्हांची नसून शब्दांची आहे. आता प्रत्येक सिद्धता दोनदा लिहायची : एकदा पुस्तकातील अक्षरांनी, एकदा शेजाऱ्याने दिलेल्या अक्षरांनी.

4 जानेवारी

आज चूक माझी आहे आणि ती रीतसर नोंदवतो.

डेअरीला दूध घालणाऱ्या 30 घरांचे आठवड्याचे दूध घेऊन मी सांख्यिकीचा तक्ता केला होता. वर्ग लिटरमध्ये 0–10, 10–20, 20–30, 30–40, 40–50 आणि वारंवारता 4, 6, 10, 7, 3. एकूण 30, अर्धे 15. संचित वारंवारता 4, 10, 20, 27, 30, म्हणून मध्यक वर्ग 20–30. येथे मुले ठरल्याप्रमाणे चुकली. सूत्रातील संचित वारंवारता मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची, म्हणजे 10, घ्यायची असते. पाच जणांनी मध्यक वर्गाचीच, म्हणजे 20, घेतली. त्यामुळे 15 − 20 असे ऋण आले, आणि 20 + (−5 ÷ 10) × 10 करून मध्यक 15 निघाला. मध्यक 20 ते 30 च्या वर्गात आहे असे स्वतःच्या हाताने लिहून पुढच्या चार ओळींत तो 15 आला, तरी कोणाला खटकले नाही.

ही चूक मला समजावून सांगता आली, कारण ती आमच्या धंद्यातलीच आहे. आजच्या पानावर हिशेब सुरू करताना आपण आरंभीची शिल्लक घेतो, अखेरची नव्हे. अखेरची शिल्लक आजचे व्यवहार मिळवूनच तयार होते. मध्यक वर्गाच्या दारापर्यंत येताना 10 घरे मागे झाली, ही आरंभीची शिल्लक. पंधराव्या घरापर्यंत आणखी 5 हवीत, आणि या वर्गात 10 घरे 10 लिटरच्या अंतरात पसरली आहेत, तेव्हा निम्मे अंतर चालायचे : 20 + 5 = 25 लिटर. हे समजल्यावर दोघांनी सूत्र न वापरताच उत्तर काढले. परीक्षेत सूत्र लिहा, त्याला गुण असतात, हे मात्र पुन्हा सांगावे लागले.

एवढे होऊन मी खुश होतो. मग घाईने दुसरा तक्ता दिला, त्यात वर्ग 0–9, 10–19, 20–29 असे लिहिले आणि फळ्यावर खालची सीमा 20 घेऊन पुन्हा 25 उत्तर काढले. खाते क्रमांक 11, जो एरवी बोलत नाही, तो हळूच म्हणाला, “काका, ह्ये वर्ग जोडून नाहीत.” त्याचे बरोबर होते. असे वर्ग आधी सलग करावे लागतात; 20–29 चा 19.5–29.5 होतो, आणि मध्यक 24.5 येतो. रोजकीर्दीत माझ्या नावे दोन गुण लिहिले. माझे खाते नव्हते. ते क्रमांक 12 म्हणून उघडले.

15 जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ संपवून पाण्याच्या टाकीची उंची मोजायला गेलो. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला एक जड नट लावला आणि सरळ कडेवर कागदाची नळी चिकटवली. नळी आडवी धरली की दोरा 90 वर येतो. नळीतून टाकीची वरची कड दिसली की दोरा जितके अंश सरकतो तितका उन्नत कोन. टाकीच्या कडेच्या बरोबर खालच्या बिंदूपासून 12 मीटरवर 45 अंश मिळाले. tan 45° = 1, म्हणून उंची 12 मीटर, असे सांगून सगळे मोकळे झाले. तेवढ्यात उंचीने लहान असलेल्या खाते क्रमांक 5 ने त्याच जागी उभे राहून पाहिले आणि कोन किंचित जास्त आला. मग वाद सुरू झाला, आणि वादातूनच डोळ्याची उंची बाहेर आली : कोन पायापासून नव्हे, डोळ्यापासून मोजला जातो. पहिल्या निरीक्षकाच्या डोळ्याची उंची 1.4 मीटर, टाकी 13.4 मीटर.

नंतर त्यालाच 30 अंश येईपर्यंत मागे पाठवले. हिशेबाने 12√3, म्हणजे सुमारे 20.78 मीटर यायला हवे होते, टेप 20.1 वर थांबला. आमच्या माळाला मागे चढ आहे. दीड-दोन वीत चढ असला तरी एवढा फरक पडतो, हे घरी येऊन ताडून पाहिले. डोळ्याची उंची आता कोणी विसरणार नाही. आज एकाने ‘जमिनीवरील एका बिंदूपासून’ असे स्पष्ट लिहिलेल्या गणितातही दीड मीटर मिळवून दिले, ही गोष्ट वेगळी. ती नोंद वाक्यवाचनाच्या खात्यावर गेली.

26 जानेवारी

झेंडावंदनानंतर सकाळी वर्ग घेतला. 5 चे वर्गमूळ अपरिमेय आहे ही सिद्धता सगळ्यांनी घडाघडा लिहिली. ते वर्गमूळ a/b, अतिसंक्षिप्त रूपात, असे माना, a² ला 5 ने भाग जातो, म्हणून a ला 5 ने भाग जातो, मग b लाही जातो, विसंगती. खाते क्रमांक 4 ने विचारले की 5 च्या जागी 4 घातले तरी सगळ्या ओळी तशाच लिहिता येतात, मग 4 चे वर्गमूळ अपरिमेय का होत नाही? ते तर 2 आहे. हा प्रश्न मला संपूर्ण हंगामात मिळालेला सर्वांत चांगला प्रश्न आहे. सिद्धता ‘a² ला भाग जातो म्हणून a ला भाग जातो’ या ओळीवर मोडते : 2² ला 4 ने भाग जातो, पण 2 ला 4 ने जात नाही. 5 मूळ संख्या आहे म्हणूनच ती ओळ चालते. पाठ करताना आपण ज्या ओळीवरून घसरत पुढे जातो तीच ओळ सारा भार वाहत असते, हे तिच्या प्रश्नाने दिसले. तिच्या सांगण्यावरून सगळ्यांनी ‘5 मूळ संख्या असल्याने’ हे शब्द त्या ओळीत घातले.

याच ओघात विवेचक ऋण आला तर मूळ नाही, हे कोणी ठरवले, असेही कोणी विचारले. कर्नाटकाशी नाते असलेला एक संदर्भ मला ठाऊक होता तो सांगितला : राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ऋण संख्या कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे नोंदवून ठेवले आहे. आमच्या परीक्षेपुरते ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहायचे. ‘वास्तव’ हा शब्द का, ते पीयूसीत (अकरावी-बारावीत) कळेल.

8 फेब्रुवारी

घनफळ. कुंभाराघरच्या मुलीने, म्हणजे खाते क्रमांक 6 ने, घरून अर्धगोलाच्या आकाराचे एक भांडे आणले. आतील व्यास 21 सेंटिमीटर. खानापूरच्या मातीची भांडी आमच्याकडे घरोघरी आहेत, पण त्यांवर गणित कोणी केले नव्हते. चौघांनी 21 हीच त्रिज्या धरली आणि उत्तर 19404 घन सेंटिमीटर काढले. मी काही बोलण्याआधीच तिने हसून विचारले, “एकोणीस लिटर? ह्यात?” घागरीतील पाणी मापाने ओतले तेव्हा अडीच लिटरच्या आत भांडे भरले. त्रिज्या 10.5 घेतली की ⅔ × 22/7 × 10.5³ = 2425.5 घन सेंटिमीटर, म्हणजे 2.4255 लिटर येते. त्रिज्या दुप्पट धरली की घनफळ आठपट होते, हे ज्यांनी पाणी ओतले त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही.

संभाव्यता एका संध्याकाळात संपली. ‘किमान एक’ आणि ‘जास्तीत जास्त एक’ एवढेच वाक्यवाचनाच्या फळ्यावर चढले.

19 फेब्रुवारी

आणखी एक मोठे खाते आज वेगळे निघाले. एका आयताकृती खळ्याची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ 144 चौरस मीटर आहे, तर लांबी काढा. रुंदी x धरली की x² + 7x − 144 = 0, विवेचक 625, x = 9 किंवा −16; रुंदी ऋण नसते, म्हणून x = 9. सात वह्या येथे थांबल्या, त्याखाली दुहेरी रेघ ओढून. विचारली होती लांबी, म्हणजे 16 मीटर. मुलांच्या मनात गणित x सापडला की संपते, कारण x शोधण्यातच सगळा घाम गेलेला असतो. मंडळाच्या आदर्श उत्तरांत गुण पायऱ्यांनुसार वाटलेले असतात, त्यामुळे येथे सगळे गुण जात नाहीत. पण अर्धा-एक गुण असा दर गणिताला गळत राहतो आणि त्याचा पत्ता लागत नाही. आता गणित सुरू करण्याआधीच पानाच्या तळाशी ‘म्हणून, खळ्याची लांबी = ____ मीटर’ असे वाक्य रिकामी जागा ठेवून लिहायचे आणि मग वर सोडवायला लागायचे. हे विचित्र दिसते. खाते क्रमांक 7 ला ते मुळीच आवडले नाही, पण त्याच्याच नावावर या सदरातील सर्वांत जास्त रक्कम असल्याने त्याला पर्याय नव्हता.

3 मार्च

दुसरी पूर्ण चाचणी, या वेळी एका बैठकीत, घड्याळ लावून. मध्ये वीज गेली. कंदील लावून चालू ठेवले आणि गेलेली चार मिनिटे शेवटी वाढवून दिली. पहिल्या पंधरा मिनिटांत पेन उचलायचे नाही, केवळ वाचायचे आणि ज्या प्रश्नात वाक्य अडते त्यावर मनात खूण करायची, असा नियम होता. तीन गुणांच्या प्रश्नाला पावणेसात मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात असेल तर जागा सोडून पुढे जायचे.

880 पैकी 231 गुण गेले. त्यांतील बहुतेक आता प्रकरणांच्या खात्यांवर आहेत : त्रिकोणमितीतील नित्यसमानता, पाच गुणांचा शेवटचा प्रश्न, तिघांची थेल्सची सिद्धता. ही खरी न येणारी गणिते आहेत, आणि त्यांच्याबद्दल शाळेतील शिक्षकांना कळवून तेवढीच प्रकरणे त्यांच्याकडून पुन्हा समजून घेण्याची व्यवस्था झाली. ‘दोन वजांची एक नोंद’ या खात्यावर केवळ 3 गुण, वाक्यवाचनावर 11.

14 मार्च

नवे काही सोडवणे बंद केले. प्रत्येकाने खतावणीतील आपले पान समोर ठेवून स्वतःच्या मोठ्या तीन खात्यांची गणिते, पूर्वी जेथे चुकली त्याच वहीत, चुकलेल्या ओळीखाली पुन्हा लिहिली. खाते क्रमांक 2 चे आणि क्रमांक 7 चे पान एकमेकांसारखे मुळीच नाही, म्हणून सगळ्यांना एकच सरावसंच देणे आता मला पटत नाही. नोव्हेंबरात मी तेच करत होतो. प्रवेशपत्रे आली आहेत. कंपासपेट्या तपासल्या, दोघांच्या कोनमापकांत अजून जानेवारीचा दोरा अडकलेला होता.

18 मार्च

खतावणी बंद केली. उचंत खात्यात दोन नोंदी शिल्लक राहिल्या. त्यांतील एक खाते क्रमांक 11 ची आहे : त्याने तीन वेगवेगळ्या दिवशी 7 × 8 = 54 लिहिले. तोंडी विचारले तर 56 सांगतो, पाढा सरळ आणि उलटा म्हणतो, कारण विचारले तर “हात लिवतोय” म्हणतो. त्याला शेजारी बसवून दोनदा पाहिले. मला काही सापडले नाही. दुसरी नोंद क्रमांक 12 ची, म्हणजे माझी : नोव्हेंबरच्या रोजकीर्दीत एका पानाची बेरीज दोनाने चुकली आहे आणि ती कोणाच्या नावावर टाकायची हे कळत नाही. संस्थेत असते तर 31 मार्चच्या आत हा निकाल लावावा लागला असता. येथे दोन्ही नोंदी तशाच पुढील वर्षाच्या वहीत ओढल्या आहेत.

उद्या सकाळच्या बसने सगळे मिळून परीक्षा केंद्र पाहून येणार आहेत. परतीची बस साडेअकराची आहे.